घरांतील यंत्रें : हातांतून पडलेला लेझर पॉइंटर

व्याख्यान देतांना पडद्यावरील ओळ दाखविण्याकरितां, किंवा रात्रीं गच्चीवर मुलांना नक्षत्रांची ओळख करून देण्याकरितां वापरावयाचा लेझर पॉइंटर आतां पुष्कळ घरांत आढळतो. तो पेनासारखा असल्यामुळें खिशांत राहतो, आणि खिशांत राहतो म्हणूनच खालीं वांकतांना फरशीवर पडतो. पडून बंद झाला कीं ‘आंतला लेझर गेला’ असा निर्णय देऊन तो टाकून देण्याचा प्रघात आहे. आमच्या मतें हा निर्णय बहुधा घाईचा असतो. लाल किरणाच्या पॉइंटरांत धक्क्यानें आधीं बिघडणाऱ्या वस्तू निराळ्याच असून त्या घरींच सुधारतां येतात. हिरव्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. ती पुढें सांगूं.

प्रथम एक संवय मोडावयास हवी. साधी विजेरी लागेनाशी झाली म्हणजे आपण तिच्या तोंडांत डोकावून पाहतों. पॉइंटरच्या बाबतींत हें कदापि करूं नये. त्याचा किरण इतका सरळ जातो कीं डोळ्यांतील भिंग तो दृष्टिपटलावर अगदीं बारीक ठिपक्यांत एकवटतें. १ मिलिवॅटपर्यंतचा किरण चुकून डोळ्यांत गेला, तर पापणी पाव सेकंदांत मिटते आणि सहसा निभावतें. परंतु छापील आंकड्यावर विसंबण्याची सोय नाहीं. अमेरिकेंतील राष्ट्रीय प्रमाण व तंत्रज्ञान संस्थेनें १२२ पॉइंटर तपासून २०१३ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हां हिरव्यांपैकीं सुमारें ९० टक्के आणि लालांपैकीं सुमारें ४४ टक्के तेथील सुरक्षा-नियमांस उतरले नाहींत. म्हणून दुरुस्ती चालूं असतां पॉइंटरचें तोंड नेहमीं भिंतीवर लावलेल्या कागदाकडेच असावें, आणि आरसा व स्टीलचीं भांडीं समोरून काढून ठेवावींत.

थिओडोर मेमन यांनीं १९६० सालीं पहिला लेझर चालविला, तो माणकाच्या कांडीचा होता. पॉइंटरांतील लेझर म्हणजे अर्धवाहक पदार्थाचा, मोहरीहूनही लहान असा कण होय. त्यास डायोड म्हणतात. इतक्या हलक्या वस्तूस पडण्याचा धक्का फारसा बाधत नाहीं. धक्का बाधतो तो जड सेलांना, त्यांना दाबून धरणाऱ्या स्प्रिंगला, बटणाच्या पायांना आणि भिंगाला. तेव्हां शोधही त्याच क्रमानें करावा.

सेल बाहेर उडाले असल्यास ते आधीं मोजून गोळा करावे. किल्ल्यांच्या जुडग्याच्या लहान पॉइंटरांत बहुधा तीन बटण-सेल असतात. रांगत्या मुलाच्या हातीं त्यांतील एखादा लागला तर तो तोंडांत गेल्यावांचून राहत नाहीं, आणि अन्ननलिकेंत अडकलेला सेल थोड्या तासांतच आंतून भाजतो. अशी नुसती शंका आली तरी पॉइंटर बाजूस ठेवून मुलाला तडक इस्पितळांत न्यावें.

सेल आंतच असतील तर काढण्यापूर्वीं ते कोणत्या तोंडानें बसले आहेत हें लिहून ठेवावें. येथें साध्या विजेरीचा नियम लागू पडेलच असें नाहीं, आणि उलटे बसविलेले सेल चांगल्या डायोडचा नाश करूं शकतात. सेल व त्यांना टेकणारे पत्रे खोडरबरानें घांसावे, दबलेली स्प्रिंग चिमट्यानें किंचित् वर ओढावी, टोपणाचे आटे कोरड्या फडक्यानें पुसावे. तिन्ही नवे सेल मिळून सुमारें ४.५ व्होल्ट भरावयास पाहिजेत. पुष्कळ पॉइंटर एवढ्यानेंच पुन्हां लागतात.

न लागल्यास बटण तपासावें. त्याचे दोन्ही पाय चिमट्यानें क्षणभर जोडले असतां प्रकाश पडला, तर दोष बटणाचाच समजावा. टोपण हलवितांच ठिपका लुकलुकत असेल, तर कोठें तरी डाख तडकला आहे. भिंगांतून पाहिल्यास त्या जागीं केसाएवढी वर्तुळाकार भेग दिसते. हें लुकलुकणें फार वेळ चालूं देऊं नये, कारण तुटत-जुळत येणाऱ्या विजेचा झटका डायोडला धक्क्यापेक्षां अधिक मारक असतो. सेल काढून, जोडावर दोन-तीन सेकंदांहून अधिक तापलेली कांब न टेकवितां नवा डाख द्यावा. ज्यांचा हात या कामास बसलेला नाहीं त्यांनीं तें रेडिओ-दुरुस्तीवाल्याकडून करवून घ्यावें. त्यांत कमीपणा नाहीं.

प्रकाश आहे पण ठिपका फिसकटला आहे, असेंही होतें. डायोडमधून किरण मूळचा सरळ निघतच नाहीं. तो लांबट पंख्यासारखा पसरतो, व समोरचें भिंग त्यास वळण लावतें. भिंतीवर मोठा लंबगोल लाल डाग पडला तर भिंग निसटलें आहे हें निश्चित. परातींत पंचा पसरून त्यावरच नळी उघडावी, नाहीं तर भिंगामागची बारीक स्प्रिंग जी उडते ती केरांतच सांपडते! भिंग बसवून त्याची पितळी चकती हळूहळू फिरवीत जावी. चांगला किरण १० मीटर अंतरावर सुमारें १ सेंटिमीटरच पसरतो. भिंग कितीही फिरविलें तरी डाग मंदच राहिला, तर मात्र डायोड गेला असें समजण्यास हरकत नाहीं. ६ मिलिमीटर व्यासाच्या नळींत डायोड, भिंग व मंडल एकत्र बसविलेले तयार मिळतात.

आतां हिरव्याविषयीं. नेहमींच्या हिरव्या पॉइंटरांत हिरवा प्रकाश थेट उत्पन्न होत नाहीं. आंतील डायोड ८०८ नॅनोमीटरचे, डोळ्यांस जवळजवळ न दिसणारे अवरक्त किरण देतो. एक स्फटिक त्यांचे १०६४ नॅनोमीटरचे किरण करतो, आणि दुसरा त्यांचे ५३२ नॅनोमीटरचे, म्हणजे हिरवे. हे स्फटिक चिकटवून बसविलेले असतात आणि धक्क्यानें केसभर सरकतात. मग हिरवा ठिपका मंद होतो, पण अवरक्त तितकेच निघत राहतात. ते अडविणारी कांच स्वस्त वस्तूंत पुष्कळदां नसतेच. वर उल्लेखिलेल्या संस्थेनें २०१० सालीं अशाच एका स्वस्त पॉइंटरची हकीकत प्रसिद्ध केली: हिरवा प्रकाश अगदीं क्षीण, पण अवरक्त सुमारें २० मिलिवॅट. न दिसणाऱ्या किरणानें पापणी मिटत नाहीं. मोबाइलच्या कॅमेऱ्यांत कांहीं दिसलें नाहीं म्हणूनही निर्धास्त राहूं नये, कारण पुष्कळ कॅमेऱ्यांत अवरक्त गाळणारी कांच बसविलेली असते.

यास्तव पडल्यावर मंद झालेला हिरवा पॉइंटर ‘आतां निरुपद्रवी झाला’ म्हणून मुलांना मांजर खेळविण्यास देणें हें आम्हांस सर्वांत भयंकर वाटतें. त्याचे सेल बदलून एकदां पाहावें. तेवढ्यानें पूर्ववत् तेज न आल्यास आंतील नळीस हात लावूं नये. सेल काढून त्यांच्या दोन्ही बाजूंस चिकटपट्टी लावावी, आणि सेल व पॉइंटर ई-कचरा गोळा करणाऱ्याकडे निरनिराळे द्यावे.