बर्फातले दुसरे विमान

मुलांनो, देशाच्या अध्यक्षांना पत्र लिहायचे धाडस तुमच्यापैकी किती जण करतील? अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या एका पोराने 1937 साली ते केले. पाचवी-सहावीतल्या मुलाएवढाच होता तो. त्याने अध्यक्ष रूझवेल्ट यांना लिहिले की सैन्याच्या विमानदलात काळ्या लोकांना वैमानिक म्हणून घेत नाहीत, हा अन्याय आहे. आणि उत्तर आले, बरं का! तुमचे मत कळले, आभारी आहोत, अशा अर्थाचे. नियम काही बदलला नाही.

त्या मुलाचे नाव जेसी ब्राऊन. जन्म 13 ऑक्टोबर 1926 चा, गाव हॅटिसबर्ग. वडील दुसऱ्याच्या जमिनीत वाट्याने शेती करीत, आई शिक्षिका. घरात नळ नव्हता आणि शाळा तीन मैलांवर. सहा वर्षांचा असताना वडिलांनी त्याला विमानांच्या कसरती पाहायला नेले. तेव्हापासून त्याच्या डोक्यात दुसरे काही आलेच नाही. पुढे ओहायोच्या विद्यापीठात शिकताना तो रात्री मालगाडीच्या डब्यांत माल चढवी आणि दिवसा वर्गात बसे. 1946 मध्ये तो नौदलात शिरला आणि 21 ऑक्टोबर 1948 ला त्याच्या छातीवर वैमानिकाचे पंख लागले. अमेरिकी नौदलाचे हे प्रशिक्षण पूर्ण करणारा तो पहिला कृष्णवर्णीय.

आता नौदलाचा वैमानिक म्हणजे काय, ते नीट समजून घ्या. त्याची धावपट्टी समुद्रावर तरंगत असते! जेसीची विमानवाहू नौका होती ‘लेयटे’. लांबी सुमारे 270 मीटर, म्हणजे आगगाडीचे बारा डबे एकापुढे एक लावले तर जेवढे होतील तेवढी. त्यातही विमान टेकवायला मागचा थोडाच भाग. तिथे डेकवर आडवे पोलादी दोर ताणलेले असतात. विमानाच्या शेपटीखाली एक आकडा असतो. तो दोरात अडकला की विमान गचकन थांबते. नाही अडकला तर? पुढे जाळे असते, आणि त्यापुढे इतर विमाने उभी!

शिवाय जेसीच्या ‘कोर्सेअर’ विमानाचे नाक इतके लांब होते, की उतरताना वैमानिकाला समोरचे डेकच नीट दिसत नसे. म्हणून वळण घेत घेत, बाजूने पाहत यायचे. डेकच्या कडेला एक अधिकारी हातात रंगीत फळ्या घेऊन उभा असे. त्याच्या इशाऱ्यावर डोळे ठेवायचे आणि तो म्हणेल त्या क्षणी इंजिनाचा जोर एकदम कमी करायचा. खाली जहाज लाटांवर हलतंय, हे विसरू नका.

‘लेयटे’वरच्या तुकडीत टॉम हडनर नावाचा गोरा अधिकारी आला. त्याच्या घरची किराणा मालाची दुकाने होती, म्हणजे खाऊन-पिऊन सुखी. पहिल्या भेटीत जेसीने फक्त मान हलवली. हात पुढे केला आणि समोरच्याने तो घेतला नाही तर काय, हा अनुभव त्याच्या पाठीशी होता. हडनर खोली ओलांडून गेला आणि त्याने स्वतःच हात पुढे केला. मला तर हीच गोष्ट पदकाहून मोठी वाटते. हुद्द्याने हडनर वरचा, पण उडण्याचा अनुभव जेसीचा जास्त. म्हणून हवेत जेसी पुढे आणि हडनर त्याच्या पाठीमागे असे.

1950 मध्ये कोरियात युद्ध पेटले. चोसिन जलाशयाच्या डोंगराळ भागात चिनी सैन्याने अमेरिकी सैनिकांना वेढले होते. थंडी अशी, की जखमींचे रक्तही गोठावे. 4 डिसेंबरला सहा कोर्सेअर विमाने त्यांच्या मदतीला निघाली. खालून गोळी लागली आणि जेसीच्या विमानाचे इंजिन बंद पडू लागले. ते इतक्या खालून उडत होते की हवाई छत्री उघडायला उंचीच नव्हती. डोंगरावरच्या बर्फाच्या एका मोकळ्या जागेत जेसीने विमान आदळवले. वरून सोबत्यांना दिसले, तो हात हलवतोय. मग बाहेर का येत नाही? मोडलेल्या विमानात त्याचा पाय अडकला होता आणि नाकातून धूर निघत होता.

हेलिकॉप्टर यायला वेळ होता. हडनरने कोणाचीही परवानगी न घेता आपले धडधाकट विमान, चाके आत ठेवून, पोटावर बर्फात उतरवले. त्याने धावत जाऊन जेसीला ओढून पाहिले. हाताने बर्फ उचलून धुमसणाऱ्या इंजिनात कोंबला. आपली लोकरी टोपी जेसीच्या डोक्यावर चढवली. हेलिकॉप्टर आले, कुऱ्हाड आली, पण पत्र्यावर कुऱ्हाड नुसती उसळत होती. जेसी शांतपणे बोलत होता. आपल्या बायकोला, डेझीला, सांग की माझे तिच्यावर प्रेम आहे, एवढा निरोप त्याने दिला. अंधार पडू लागला. त्या हेलिकॉप्टरला रात्री उडता येत नव्हते. परत येऊ, असे जेसीला सांगून हडनर निघाला, पण तोवर जेसीची शुद्ध गेली होती. तो अवघा 24 वर्षांचा होता, आणि त्याची लेक दोनही वर्षांची झालेली नव्हती.

मृतदेह आणणे शक्यच नव्हते. काही दिवसांनी सोबत्यांच्या विमानांनी तिथे आगीचे बॉम्ब टाकले आणि रेडिओवरून प्रार्थना म्हटली. तोच जेसीचा अंत्यसंस्कार.

चांगले विमान मुद्दाम आदळवले म्हणून हडनरवर खटलाही भरता आला असता. पण त्याच्या कॅप्टनने उलट पदकासाठी शिफारस केली. 13 एप्रिल 1951 ला अध्यक्ष ट्रुमन यांनी हडनरला देशाचे सर्वोच्च शौर्यपदक दिले, तेव्हा डेझी तिथे उभी होती. पुढे ती शिक्षिका झाली. 1973 मध्ये नौदलात ‘जेसी एल. ब्राऊन’ नावाची युद्धनौका दाखल झाली, त्या समारंभाला हडनर हजर होता.

आणि जुलै 2013 मध्ये, वयाच्या 88 व्या वर्षी, हडनर उत्तर कोरियात गेला. कशाला? जेसीला घरी आणायला! पण पावसाने रस्ते वाहून गेले होते. तिथल्या अधिकाऱ्यांनी सांगितले, पाऊस सरल्यावर या. 2017 मध्ये हडनर वारला. पुढच्या वर्षी बोस्टन बंदरात त्याच्या नावाची युद्धनौकाही नौदलात आली. जेसी मात्र अजून त्या डोंगरातच आहे.