वादळातून वाचलेला मनोरा

कॅटरिना चक्रीवादळाला २९ ऑगस्ट २०२५ रोजी २० वर्षे झाली. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहर त्या वादळात बुडाले. फुटलेल्या बंधाऱ्यांची आणि सरकारी बेपर्वाईची उजळणी या निमित्ताने होते आणि ती व्हायलाच हवी. मात्र, त्या शहरात ट्युलेन अव्हेन्यूवर चुनखडीच्या दगडाचा २० मजली मनोरा रिकामा उभा आहे, त्याचा हिशेब वेगळा आहे. ते चॅरिटी हॉस्पिटल. गावच्या तोंडी ‘बिग चॅरिटी’.

खलाशी म्हणून आयुष्य काढून पुढे जहाजबांधणीत पैसा मिळवलेल्या जाँ लुई याने १७३५ मध्ये मृत्युपत्र केले आणि उरलेली मिळकत गरिबांच्या रुग्णालयासाठी ठेवली. त्या पैशातून १० मे १७३६ रोजी रुग्णालय सुरू झाले. फ्रेंच गेले, स्पॅनिश आले, पुढे अमेरिकी राजवट आली. १७७९ च्या वादळाने इमारत मोडली, तेव्हा आंद्रेस अल्मोनास्तेर या स्पॅनिश धनिकाने पदरमोड करून नवी बांधली. १८०९ मध्ये तीही जळाली. तरीही रुग्णालय पुन्हा उभे राहिले. १८३४ पासून ‘डॉटर्स ऑफ चॅरिटी’च्या जोगिणींनी तिथली शुश्रूषा सांभाळली.

आजचा मनोरा या परंपरेतली सहावी इमारत. महामंदीच्या काळात केंद्र सरकारच्या निधीची मदत घेऊन ती बांधली गेली आणि १९३९ मध्ये खुली झाली. खाटा सुमारे २,७०० होत्या. हृदयशस्त्रक्रियेत पुढे जगभर नाव कमावणारे मायकेल डीबेकी यांनी उमेदवारी केली ती चॅरिटीतच. पण या दानशूरतेला डागही होता. गोऱ्यांचे वॉर्ड एका बाजूला, काळ्यांचे दुसऱ्या. दार सर्वांना उघडे होते, आतली वाट मात्र कातडीचा रंग पाहून ठरत होती. हा भेद मिटायला १९६० चे दशक उजाडावे लागले.

कॅटरिनात तळघर पाण्याखाली गेले, वीज गेली. अंधारात डॉक्टर आणि परिचारिका हाताने अंबू बॅग दाबून रुग्णांचा श्वास चालू ठेवत होते, त्यांना उचलून जिने चढत होते. शेवटच्या रुग्णांची सुटका व्हायला कित्येक दिवस गेले. पाणी ओसरल्यावर सैनिक आणि कर्मचाऱ्यांनी काही आठवड्यांत खालचे मजले धुऊन काढले. रुग्णालय पुन्हा सुरू करता येईल, असे त्यांचे म्हणणे होते. राज्याने टाळे लावले ते कायमचे. २००८ मध्ये वास्तुतज्ज्ञांनी पाहणी करून इमारतीचा सांगाडा भक्कम असल्याचा निर्वाळा दिला, तोही कामी आला नाही. मधली वर्षे लहान रुग्णालयावर भागवण्यात आली. जवळच्या वस्तीतील जुनी घरे हटवून अब्जाहून अधिक डॉलरचे नवे वैद्यकीय केंद्र उभारले गेले आणि ते २०१५ मध्ये सुरू झाले. ते अद्ययावत आहे, गरिबांवर उपचारही करते. पण त्याचा कारभार खासगी संस्थेकडे गेला. मनोऱ्याच्या नूतनीकरणाच्या योजना जाहीर होत राहिल्या आणि रेंगाळत राहिल्या.

म्हणजे वादळ आणि आग पचवलेली ही संस्था अखेर एका प्रशासकीय निर्णयाने बंद पडली. संकटाच्या धांदलीत असे निर्णय सहज खपून जातात, कारण दोष निसर्गाच्या माथी मारता येतो.

कॅटरिनाच्या महिनाभर आधी, २६ जुलै २००५ रोजी, मुंबईही बुडाली होती. त्या मुंबईला जमशेटजी जिजीभाईंच्या देणगीतून १८४५ मध्ये उभ्या राहिलेल्या जे. जे. रुग्णालयाचा आणि १९२६ पासूनच्या केईएमचा वारसा आहे. रत्नागिरीहून किंवा बुलढाण्याहून आलेला रुग्ण आजही केसपेपर हातात घेऊन त्यांच्या रांगेत उभा राहतो. सार्वजनिक रुग्णालये खासगी भागीदारीत चालवण्याचे प्रस्ताव आपल्याकडेही अधूनमधून पुढे येतात. नव्या इमारतींना विरोध असण्याचे कारण नाही. जुन्या वॉर्डांची दशा कुणापासून लपलेली नाही. मात्र खिशात पैसे नसलेल्याला नव्या इमारतीत कोणत्या अटीवर प्रवेश मिळेल, हे बांधकामाच्या निविदेआधी लेखी ठरले पाहिजे आणि ते पाळले जाते की नाही, हे पाहण्याचा अधिकार लोकप्रतिनिधींकडेच राहिला पाहिजे. चॅरिटीच्या बाबतीत न्यू ऑर्लिन्सने हा आग्रह धरला तोवर उशीर झाला होता. आपल्या हाती अजून वेळ आहे.