आमच्या आज्यांचा इतिहास कोण छापणार?

जयंतीच्या बॅनरवर पुढाऱ्यांचे फोटो झळकतात. चळवळीसाठी राबलेल्या आमच्या आज्यांचं साधं नावही तिथे नसतं. दोष फक्त मनुवाद्यांचा आहे का? नाही, आमचाही आहे.

आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या फणसवळ्याच्या उर्मिला पवार आणि ‘मैत्रणी’ नियतकालिक चालवणाऱ्या मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रिया शोधल्या, त्यांना बोलतं केलं. १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक आलं. त्या थांबल्या असत्या, तर बाबासाहेबांच्या हाकेला ओ देणाऱ्या कित्येक जणी कायमच्या पुसल्या गेल्या असत्या.

बेबीताई कांबळेंना ‘जिणं आमुचं’ अनेक वर्षं घरच्यांपासून लपवून लिहावं लागलं. लपवावं लागलं ते आमच्याच घरात! याचं उत्तर आम्ही पुरुषांनी द्यायला हवं.

म्हणून मिरजोळ्यातल्या तरुणांना आमचं सांगणं आहे: यंदा डीजेची वर्गणी कमी करा. मोबाईल घेऊन वाडीतल्या आजीसमोर बसा, तिचं बोलणं नोंदवा, लिहून काढा, पुस्तिका छापा. आपला इतिहास दुसरं कुणी छापणार नाही. आणि आज्यांकडे फार वेळ नाही.

जय भीम!