सपाट मुलखासाठी कोणते भिंग?

‘जगात जर्मनी आणि भारतात परभणी’ ही म्हण मराठवाड्यात निम्म्या कौतुकाने आणि निम्म्या थट्टेने वापरली जाते. यमक जुळले एवढाच तिचा आधार, असे बहुतेकांना वाटते. पण एका बाबतीत या दोन नावांची सांगड खरोखरच घालता येते. ती बाब म्हणजे निसर्गचित्रणाच्या मोठ्या कॅमेऱ्याची भिंगे. १८८४ साली ओटो शॉट आणि एर्न्स्ट आबे यांनी येना या गावी भिंगाच्या काचेचा कारखाना उभारला. १९०२ साली त्याच गावच्या झाइस कंपनीतून पाउल रुडॉल्फ यांचे ‘टेसार’ भिंग बाहेर पडले. पुढे श्नायडर आणि रोडेनस्टॉक ही नावे जगभरच्या छायाचित्रकारांच्या तोंडी बसली. भिंगे जर्मनीची आहेत. प्रश्न एवढाच, की परभणीच्या माळासाठी त्यांतली कोणती निवडावी?

मोठा कॅमेरा म्हणजे काय, ते आधी सांगायला हवे. शाळेच्या समूहचित्रासाठी तिपाईवर लाकडी पेटी ठेवून, डोक्यावर काळे फडके घेणारा छायाचित्रकार जुन्या मंडळींना आठवत असेल. तेच हे यंत्र. पुढे भिंग, मागे घासलेली काच आणि मध्ये पेटीच्या भात्यासारखा घड्यांचा भाता. काचेवर जग उलटे दिसते. चित्र उतरते ते एकेका सुट्या फिल्मवर; आज तिचे सर्वांत प्रचलित माप चार बाय पाच इंच. एवढ्या मोठ्या निगेटिव्हवरून भिंतभर चित्र केले तरी गवताची काडी आणि काडी वेगळी दिसते. त्यासाठी लोक अजूनही हे ओझे वाहतात, आणि काही कंपन्या ही फिल्म आजही बनवतात.

या कॅमेऱ्याला भिंग कोणते घ्यावे, असे विचारले की ठरलेले उत्तर मिळते: निसर्गचित्र म्हणजे रुंद कोनाचे भिंग. ९० मिलिमीटरचे घ्या, सारा देखावा चौकटीत मावेल. माझे स्पष्ट मत असे आहे, की हा सल्ला डोंगराळ मुलखात ठीक असला, तरी आमच्या जिल्ह्याचे त्याने नुकसान होते.

कारण सोपे आहे, आणि त्याचा हिशेब मांडता येतो. जिंतूरच्या बाजूला डोंगर आहेत, दक्षिणेला गंगाखेडकडे बालाघाटचे फाटे आहेत. पण मधला सारा मुलूख काळ्या मातीचा, सपाट. समजा, पाच किलोमीटरवर शंभर मीटर उंचीची टेकडी आहे. ९० च्या भिंगाने ती फिल्मवर १.८ मिलिमीटर उमटते. १५० च्या भिंगाने ३ मिलिमीटर, ३०० च्या भिंगाने ६. निगेटिव्ह पाच पट मोठी करून वीस बाय पंचवीस इंचांचे चित्र केले, तर पहिल्यात ती टेकडी बोटाच्या नखापेक्षाही लहान, ९ मिलिमीटरची. शेवटच्यात ३० मिलिमीटरची. डोळ्यांना जी टेकडी क्षितिजावर ठसठशीत दिसत होती, तिची रुंद भिंगाने रेघ केली. खाली अर्धी चौकट ढेकळे, वर अर्धी चौकट रिकामे आभाळ. मग बघणारा म्हणतो, ‘परभणीत आहे काय बघायला?’ हा निकाल परभणीचा नव्हे, भिंगाचा आहे.

ही गोष्ट फक्त हौशी छायाचित्रकारांपुरती असती, तर रविवारची एवढी जागा मी अडवली नसती. पण आज घरोघरी मोबाइल आहे आणि त्याचे नेहमीचे भिंग रुंद कोनाचेच असते. गावाकडे गेलेली मुले त्यानेच शेताचे चित्र काढतात आणि पुण्या-मुंबईच्या मित्रांना पाठवतात. आपल्याच मुलखाविषयी ‘इथे काही नाही’ अशी समजूत त्यातून नकळत पक्की होते.

आपल्या दृष्टीला उंच आणि भव्य तेवढेच चित्रात शोभते अशी सवय जुनीच आहे. सॅम्युएल बोर्न याने १८६० च्या दशकात हमालांच्या तांड्यावर काचा आणि रसायने लादून हिमालय पालथा घातला. परभणी ज्या निजामी राज्यात होती, त्याच राज्याच्या सहाव्या निजामांच्या पदरी राजा दीनदयाळ यांच्यासारखा थोर छायाचित्रकार होता. त्यांच्या काचेच्या हजारो निगेटिव्ह दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जपून ठेवल्या आहेत. वेरूळ आणि दौलताबाद त्यांच्या चित्रांत भेटतात. शिल्प आणि किल्ला दिसला की कॅमेरा वळणारच. ज्वारीच्या रानाकडे तो वळायला मात्र वेगळी नजर लागते, आणि वेगळे भिंगही.

तर मग संच कसा असावा? पहिले भिंग १५० मिलिमीटरचे. चार बाय पाचच्या फिल्मचा कर्ण साधारण तेवढाच असतो, म्हणून याला सर्वसाधारण भिंग म्हणतात. आडवा सुमारे ४४ अंशांचा पट्टा त्यात येतो. माझा आग्रह असा, की पहिले वर्षभर हे एकच वापरावे. दुसरे भिंग जवळ नसले की माणूस पायांनी चित्र काढतो. दोन वस्तूंतले लहानमोठेपण भिंगाने बदलत नाही, उभे राहण्याची जागा बदलली की बदलते. बांधावरचा लिंब आणि त्यामागची टेकडी यांचे नाते शंभर पावले मागे जाऊन जुळते. सपाट मुलखात मागे जायला दरी आड येत नाही, ही आपली श्रीमंतीच आहे.

या यंत्राची आणखी एक खुबी सपाट जमिनीलाच फळते. साध्या कॅमेऱ्यात भिंग आणि फिल्म कायम समांतर असतात. इथे भिंग पुढे कलवता येते. तसे केले की स्पष्टतेची पातळीही कलते आणि जमिनीवर आडवी पसरते. टेओडोर शाइमफ्लुग या ऑस्ट्रियन अधिकाऱ्याच्या नावाने हा नियम ओळखला जातो. कॅमेरा जमिनीपासून दीड मीटरवर आणि भिंग १५० चे असेल, तर सहा अंशांच्या आतच काम भागते: पायाजवळच्या भेगेपासून क्षितिजापर्यंत सारे रान रेखीव. डोंगरात ही युक्ती अडखळते, कारण तिथे जमीन एका पातळीत नसते. कापणी झालेल्या रानात ती सोळा आणे चालते. उभ्या ज्वारीत मात्र नाही; तिथे भिंगाचे छिद्र बारीक करून वारा पडण्याची वाट पाहावी.

दुसरे भिंग ३०० चे. कोणी म्हणेल, १५० च्याच निगेटिव्हचा मधला तुकडा का मोठा करू नये? करता येतो, पण मग फिल्मचा चौथा हिस्साच कामी येतो, आणि मोठे यंत्र वाहून नेल्याचे फळ काय? घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. एक, भाता ३०० मिलिमीटरहून जास्त लांबतो का. दोन, वजन. निकॉनचे ३०० चे छोटे, एफ-९ चे भिंग जेमतेम २९० ग्रॅमचे. मोठ्या छिद्राचे त्याच्या कितीतरी पट जड. उन्हात काम बारीक छिद्रावरच करायचे असते, तेव्हा जास्तीचे वजन वाहण्यात अर्थ नाही. एफ-२२ वर चाळीस मीटरवर नेम धरला, तर वीस मीटरपासून पुढचे सारे स्पष्ट येते. मात्र चैत्र-वैशाखात सकाळी नऊनंतर हे भिंग बाहेर काढू नये. तापलेली हवा थरथरते आणि टेकडी पाण्यात पडल्यासारखी दिसते. पाऊस उघडल्यावरचा आश्विन आणि थंडीतली सकाळ, हाच त्याचा काळ.

रुंद भिंगाशी माझे वैर नाही. वालूरची चक्राकार बारव ९० शिवाय चौकटीत बसणार नाही. चारठाण्याची मंदिरे, धारासूरचे गुप्तेश्वर मंदिर यांना अंगण थोडे आणि उंची पुष्कळ. तिथे कॅमेरा वर न कलवता भिंग वर सरकवायचे, म्हणजे खांब सरळ उभे राहतात. त्यासाठी भिंगाचे प्रकाशवर्तुळ फिल्मपेक्षा बरेच मोठे हवे. स्वस्त भिंगे इथेच उघडी पडतात. पण हे भिंग तिसरे, पहिले नव्हे.

ही भिंगे आता बहुतेक जुन्या बाजारातच मिळतात. निकॉनने तर २००६ सालीच त्यांचे उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले. म्हणून दिव्यासमोर धरून आत बुरशीची जाळी नाही ना, हे पाहावे. शटरचा एक सेकंद खरोखर एक सेकंदाचा आहे का, तेही घड्याळ लावून तपासावे. हा छंद स्वस्त नाही, हे कबूल. ज्यांना तो परवडत नाही, त्यांनी मोबाइलवरच ‘दोन पट’चे बटण दाबून शंभर पावले मागे जावे. विचार तोच आहे.

घाई मात्र करायला हवी. ढालेगाव, मुद्गल, दिगरस इथल्या बंधाऱ्यांनी गोदावरीचे रूप बदलले. जिथे वाळूचे पात्र होते तिथे आता तुंबलेले पाणी दिसते. ज्वारीच्या जागी सोयाबीन आले, रस्ते रुंद होताना कडेची जुनी झाडे गेली. हे बदल चांगले की वाईट, तो वाद वेगळा. पण आज जे आहे ते कसे होते, हे उद्याच्या पोरांना दाखवायचे असेल, तर ते रेघेएवढे दाखवून चालणार नाही. टेकडी टेकडीएवढी दिसली पाहिजे.