बरोबरच्या चिन्हाआडची जात

इंग्रजी शब्दसंग्रहाच्या शालेय पुस्तिकांत व्यवसायांचे एक पान हमखास असते. डावीकडे कार्पेंटर, पॉटर, कॉब्लर; उजवीकडे सुतार, कुंभार, चांभार; आणि मध्ये बरोबरचे चिन्ह. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आले, त्यामुळे हे पान आता सहा-सात वर्षांच्या मुलांपुढेही येते. आमचा आक्षेप त्या मधल्या चिन्हाला आहे.

कॉब्लर म्हणजे पादत्राणांची दुरुस्ती करणारा माणूस. तो उद्या ते काम सोडून दुकान टाकेल, तर कॉब्लर उरणार नाही. चांभार हा शब्द मात्र काम सुटले तरी माणसाला सोडत नाही. शिवाय गावगाड्यातला चांभार वहाणा करी, मोटही शिवी; केवळ दुरुस्तीपुरते त्याचे कसब नव्हते. म्हणजे कसबाच्या दृष्टीने हे समीकरण तोकडे आणि समाजाच्या दृष्टीने खोटे. जात ही श्रमाची नसून श्रमिकांचीच विभागणी आहे, हे डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये मांडले. आमच्या पुस्तिका श्रमाचा शब्द आणि श्रमिकाच्या जन्माचा शब्द आजही एका ओळीत बसवतात.

यावर कोणी म्हणेल, दोष मराठीचाच. आम्हांस ते मान्य नाही. कुंभकारापासून कुंभार, लोहकारापासून लोहार, चर्मकारापासून चांभार झाला. या शब्दांच्या पोटात ‘करणारा’ आहे. शब्द कामाचाच होता, समाजाने त्याचा जन्मदाखला केला. इंग्रजीतही स्मिथ, पॉटर, टेलर ही कामांचीच नावे आडनावे झाली. पण तेथे स्मिथच्या मुलाने भाता फुंकलाच पाहिजे असा दंडक राहिला नाही.

त्याच पानावरची दुसरी गंमत पाहावी. डॉक्टर, इंजिनिअर, मॅनेजर यांच्यासमोर उजवीकडे बहुधा तेच शब्द देवनागरीत असतात. प्रतिष्ठेच्या कामाला भाषांतर लागत नाही. हाताच्या कामाला मात्र जात लावूनच अर्थ सांगितला जातो. मुले या पानावरून दहा-बारा शब्द शिकतात, त्याबरोबर एक उतरंडही शिकतात.

आणि ती सर्वांनाच सारखी भोवत नाही. शिक्षक ‘व्हॉट डज युअर फादर डू?’ असे विचारतात, तेव्हा एखाद्या मुलाला सर्व वर्गासमोर ते समीकरण मोठ्याने वाचावे लागते. इतरांचा तो स्वाध्याय असतो, त्याचा पंचनामा.

‘चांभार’ खोडून ‘चर्मकार’ छापल्याने हे सुटणार नाही. तो त्याच शब्दाचा संस्कृत पोशाख. उपाय अवघड नाही. नामाऐवजी वाक्य द्यावे: जो चपला दुरुस्त करतो तो कॉब्लर, जो लाकडाच्या वस्तू घडवतो तो कार्पेंटर. त्यासोबत रंधा, पटाशी, करवत यांचेही इंग्रजी शब्द द्यावेत, म्हणजे मुलाला माणसाच्या आधी काम दिसेल.

साहित्याच्या वर्गात आपण एकेका शब्दाच्या छटांवर तासन्‌तास बोलतो. पहिलीच्या पुस्तिकेतले ते चिन्ह तपासायला आपल्यापैकी कोणाला सवड झाली नाही, याची आम्हांस अधिक लाज वाटते.