फोटोतला उजेड आकाशातला नव्हता

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. अमावस्येच्या आसपासची रात्र होती. माझ्या भाच्याने आंब्याजवळच्या सड्यावर ट्रायपॉड लावला, कॅमेऱ्याचे तोंड दक्षिणेला, म्हणजे विशाळगडाच्या बाजूला केले आणि शटर पंधरा मिनिटे उघडे ठेवले. पंधरा मिनिटांत आकाश पावणेचार अंश फिरते, त्यामुळे ताऱ्यांचे ठिपके न उमटता छोट्या रेषा उमटतात. त्याला त्याच हव्या होत्या. फोटो छान आला. फक्त खाली उजव्या कोपऱ्यात, डोंगरावर, गुलाबी-जांभळी लाली होती. ती आवडली म्हणून त्याने फोटो तसाच स्टेटसला ठेवला.

फजरनंतर मी फोन उघडला तेव्हा तो फोटो फिरत फिरत आमच्या गावच्या ग्रुपवर आला होता. खाली एकाने विचारले होते, "गडाकडं काय पेटलंय?"

दुसऱ्या एखाद्या तालुक्यात हा प्रश्न कुणाला सुचला नसता. आपल्या शाहूवाडीत सुचतो. १४ जुलै २०२४ ला गजापूरच्या मुसलमानवाडीत जमावाने घरांवर आणि मशिदीवर हल्ला केला, ते अजून कुणी विसरलेले नाही. माझ्या आईने प्रश्न वाचला आणि उत्तराची वाट न बघता तिकडच्या नातेवाइकांना फोन लावायला सुरुवात केली. तिसऱ्या फोनला कुणीतरी उचलले आणि तिकडे सगळे झोपेत असल्याचे कळले.

"मामू, मी काहीच एडिट केलं नाही," भाचा सारखे म्हणत होता. ते खरेच होते. वर्गात मी 'नजर का धोका' हा शब्दप्रयोग समजावून सांगतो. इथे नजर शाबूत होती, धोका कॅमेऱ्याने दिला होता.

त्याच्याकडचा कॅमेरा जुना, सेकंडहँड डीएसएलआर. अशा कॅमेऱ्याच्या सेन्सरच्या कडेला सिग्नल वाढवून बाहेर पाठवणारे अॅम्प्लिफायर आणि इतर सर्किट असते. वीज चालू असताना ते तापते आणि अगदी थोडा अवरक्त प्रकाशही सोडते. आपल्या डोळ्यांना तो दिसत नाही, पण सेन्सरला दिसतो. सेकंदभराच्या फोटोत तो कळतही नाही. शटर पंधरा मिनिटे उघडे असेल तर तो थेंबाथेंबाने साठत जातो. सेन्सरपुढे अवरक्त किरण अडवणारी काच असते खरी, पण ती बाहेरून येणाऱ्या किरणांसाठी, आणि हा उजेड काचेच्या आतच जन्मतो. शिवाय उन्हाळ्यात उष्णतेचा गोंगाट वाढतो तो वेगळाच. सेन्सरचे तापमान पाच ते आठ अंश वाढले की उष्णतेमुळे तयार होणारा खोटा सिग्नल साधारण दुप्पट होतो. लालीचा रंग गुलाबी-जांभळा का, तर अवरक्त प्रकाश लाल, हिरव्या, निळ्या तिन्ही फिल्टरमधून जवळपास सारखाच जातो आणि कॅमेरा रंग जुळवताना लाल आणि निळा वाढवतो.

खरे तर फोटोतच पुरावा होता. लाली डोंगराच्या कडेशी थांबली नव्हती, डोंगराच्या काळ्या अंगावरूनही ती तशीच खाली उतरली होती. डोंगरामागची आग डोंगराच्या आरपार कशी दिसेल? घाईत हे कुणी पाहिले नाही. मीही नाही.

दुसरी परीक्षा त्याहून सोपी. कॅमेरा आडवा असेल तर उभा करा, किंवा भलत्याच दिशेला वळवा आणि तेवढाच वेळ पुन्हा फोटो घ्या. कोल्हापूरच्या दिव्यांचा उजेड असेल तर तो आग्नेयेलाच राहील. लाली कॅमेऱ्यासोबत त्याच कोपऱ्यात फिरत राहिली, तर ती कॅमेऱ्याची. अकराव्या शतकातल्या इब्न अल-हैसमने 'किताब-उल-मनाजिर'च्या सात भागांपैकी तिसरा भाग दृष्टीच्या चुकांना दिला होता. विज्ञान दिनाला आपण त्याचे नाव अभिमानाने घेतो, पण खिशातल्या फोनवर आलेला फोटो मात्र न तपासता पुढे ढकलतो.

यावर उपाय आहे, त्याला डार्क फ्रेम म्हणतात. लेन्सला टोपी लावायची आणि तेवढाच वेळ, त्याच आयएसओवर, शक्यतो लगेच, म्हणजे सेन्सर तेवढाच तापलेला असताना, अंधाराचा फोटो घ्यायचा. त्यात जे उमटते ते सगळे कॅमेऱ्याचे. ते मूळ फोटोतून वजा करायचे. बऱ्याच कॅमेऱ्यांत 'लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन' चालू केले की हे आपोआप होते. हाताने करायचे तर फोटो रॉमध्ये हवा. दहा-पंधरा डार्क फ्रेम घेऊन त्यांची सरासरी काढली तर काम आणखी स्वच्छ होते. व्ह्यूफाइंडर झाकायला मात्र विसरू नका. तिथून शिरलेला टॉर्चचा उजेडही असाच डाग पाडतो.

भाच्याच्या मित्रांचे म्हणणे, एवढी यातायात कशाला, कोपरा अॅपमध्ये पुसून टाका. माझा विरोध इथेच आहे. त्या कोपऱ्यात लालीखाली खरे तारेही होते. पुसणारे बोट कॅमेऱ्याचे काय आणि आकाशाचे काय हे ओळखत नाही, आणि हल्लीची अॅप तर रिकाम्या जागी स्वतःच्या मनाचे तारे भरतात. डार्क फ्रेम कॅमेऱ्याने भर घातली तेवढीच काढते. अगदी सगळे निघत नाही, लालीच्या जागी थोडी खरखर उरते. उरू द्यावी. आपल्या भागातला रात्रीचा असा फोटो डार्क फ्रेमशिवाय लोकांपुढे ठेवू नये, या मतावर मी ठाम आहे.

भाच्याची तक्रार वेळेची आहे: पंधरा मिनिटांची तीस मिनिटे होतात आणि बॅटरी संपते. त्यात तथ्य आहे. त्यालाही वाट आहे. पंधरा मिनिटांचा एकच फोटो घेण्याऐवजी तीस-तीस सेकंदांचे तीस फोटो सलग घ्यावेत आणि स्टारस्टॅक्ससारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये जोडावेत. प्रत्येक ठिकाणचा सर्वांत उजळ ठिपकाच ठेवला जात असल्याने रेषा तेवढ्याच लांब येतात आणि लाली साठत नाही. डार्क फ्रेमही तीस सेकंदांच्याच लागतात.

त्या सकाळी मी ग्रुपवर हे सगळे लांबलचक लिहिले होते. कुणी वाचले नाही. मग भाच्याने टोपी लावून पंधरा मिनिटांचा काळा फोटो काढला. कोपऱ्यात तीच लाली. तो त्याने पहिल्या फोटोच्या शेजारी ठेवून ग्रुपवर टाकला आणि लिहिले, "हा घरात, कपाट बंद करून काढलाय." प्रश्न विचारणाऱ्याने आपला मेसेज डिलीट केला. तोवर तो किती जणांनी पुढे पाठवला होता, ते मात्र कळायला मार्ग नव्हता.