विश्लेषण : पोस्टवरून अटक झाल्यास वकील कोण देणार? विधी महाविद्यालये हे काम का करत नाहीत?

मे २०२२ मध्ये समाजमाध्यमावरील एका पोस्टवरून अभिनेत्री केतकी चितळे हिला ठाणे पोलिसांनी नवी मुंबईतून अटक केली. राज्यभरात २० हून अधिक गुन्हे दाखल झाले आणि सुटका होईपर्यंत सुमारे ४० दिवस गेले. पोस्टची भाषा कुणाला रुचो वा न रुचो, अशा वेळी पहिल्या काही तासांतच जाणकार वकील लागतो. परदेशात हे काम विधी महाविद्यालयेही करतात. आपल्याकडे का नाही?

‘क्लिनिक’ आणि ‘फेलो’ म्हणजे काय?

अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत अभिव्यक्ती स्वातंत्र्यासाठी स्वतंत्र ‘क्लिनिक’ असते. येल लॉ स्कूलमध्ये असे क्लिनिक २००९ मध्ये विद्यार्थ्यांनीच सुरू केले. ‘लीगल फेलो’ म्हणजे तिथे ठरावीक काळासाठी नेमलेला तरुण वकील. तो पत्रकारांची आणि नागरिकांची प्रकरणे हाताळतो, विद्यार्थ्यांकडून अर्ज आणि याचिका लिहून घेतो. पक्षकाराला वकील मिळतो, विद्यार्थ्याला खरा खटला.

कलम ६६ अ गेले, मग अटक का होते?

२०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुक पोस्टवरून अटक झाली. त्यानंतर श्रेया सिंघल या तरुणीने केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६ अ रद्द केले. पण इतर कलमे शिल्लक आहेत. मे २०२५ मध्ये पुण्यातील १९ वर्षांच्या अभियांत्रिकी विद्यार्थिनीला ‘ऑपरेशन सिंदूर’वरील पोस्टसाठी अटक झाली. तिने पोस्ट काढून माफीही मागितली होती. महाविद्यालयाने तिला काढून टाकले. अखेर २७ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सुटकेचा आदेश दिला, तेव्हा ती परीक्षेला बसू शकली.

पहिल्या २४ तासांत काय करता येते?

अटकेनंतर २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर हजर करणे बंधनकारक आहे. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच बजावले आहे. हे मुद्दे कोठडीच्या सुनावणीतच ठामपणे मांडावे लागतात. कोठडीतील व्यक्तीला मोफत वकिलाचा हक्क आहे, पण तो वकील या विषयातला असेलच असे नाही.

अडथळा कुठे?

प्रत्येक विधी महाविद्यालयात विधी साहाय्य केंद्र असावे, असा बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम आहे. मात्र बार कौन्सिलच्याच नियमांनुसार पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्याला वकिली करता येत नाही. म्हणजे शिकवणारे प्राध्यापक न्यायालयात उभे राहू शकत नाहीत आणि सनद नसल्याने विद्यार्थीही नाहीत. मग केंद्राचे काम बऱ्याचदा शिबिरे आणि पथनाट्यांपुरते उरते.

मार्ग काय?

मार्ग नियमांतच आहे. १९७९ च्या नियमांनुसार वकिली करणारी व्यक्ती दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवू शकते. नवी मुंबईतील महाविद्यालयांनी अशा एका तरुण वकिलाला मानधनावर ‘फेलो’ नेमले, तर तो सकाळी वर्ग घेईल आणि दुपारी विद्यार्थ्यांना सोबत नेऊन बेलापूरच्या न्यायालयात उभा राहील. त्यासाठी नवा कायदा नको, एका मानधनाची तरतूद हवी. उच्च न्यायालयापर्यंत जाण्याची ऐपत प्रत्येक विद्यार्थ्याच्या घरात नसते. ज्यांच्याकडे ती नाही, त्यांच्यासाठी अभिव्यक्तीचा हक्क वकील मिळेपर्यंत कागदावरच राहतो.